काठाची भिंत

प्रिय ताई,

वाकून नमस्कार करते. गुडघा अजून तेवढं करू देतो, म्हणजे तब्येत ठीक आहे असं समज.

इथल्या ऑफिसांच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी नदीकाठी बाग करायचं काम माझ्याकडे आहे, हे तुला ठाऊकच आहे. दोन वर्षं खपून मी मातीचा उतरता काठ आखला, त्यावर लव्हाळी. पाणी वाढलं की काठावर चढेल, ओसरलं की उतरेल. काल मीटिंगमध्ये पाहते तर नकाशात त्या जागी ग्रॅनाइटची सरळ भिंत, आणि खाली माझं नाव!

"बाई, चिखल बघायला कोण येणार?" साहेब म्हणाले.

"बगळे येतील," मी म्हटलं. सगळे हसले. एकविसाव्या मजल्यावरून नदी चकचकीतच दिसते गं. त्यांच्यातला एकही जण कधी खाली उतरलेला नाही.

मला आपल्या कॉन्व्हेंटमागचा ओढा आठवला. चिखलाने भरलेले मोजे हातात घेऊन आपण उभ्या, आणि सिस्टर रागवायचं सोडून विचारतायत, "बेडूक किती दिसले?"

भिंत बांधली तर वाढलेलं पाणी समोरच्या काठावरच्या वस्तीत शिरेल, हे मी या शहाण्यांना मोजून दाखवलंय. तरी सोमवारी सही मागणार आहेत. मी करणार नाही.

तू काळजी करू नकोस, मी वेळेवर जेवते. भावोजींचा खोकला कसा आहे? आणि तुझी मागची खोली रिकामी आहे ना? सहज विचारते.

तुझी,
धाकटी