म्हशीमागं गेलेला मुलगा

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी नवं काही लिहायला घेतलं की धाक तुमचाच वाटतो. आज हिर्डोशीहून भोरला येताना एस.टी.त तुमची फार आठवण आली. तुम्ही याच गाडीनं शाळेत यायचात आणि आल्या आल्या आमच्या वह्या मागायचात. सातवीत मी पहिली गोष्ट लिहिली. हरवलेली म्हैस शोधायला एक मुलगा एकटाच वरंधा घाटात जातो, रात्र कपारीत काढतो आणि सकाळी म्हैस घेऊन परततो. तुम्ही ती उभ्यानंच वाचलीत. म्हणालात, "घरची म्हैस तू राखतेस. मग हा पोरगा कुठून आला?" मी फटकन बोलले, "बाई, पोरगी रातची घाटात गेली तर म्हशीला कोन हुडकंल? समदं गाव तिलाच हुडकत फिरंल!" तुम्ही पोट धरून हसलात आणि मग एकदम चिडलात, "अगं, मग तीच गोष्ट लिही ना!" मला भारी राग आला. म्हैस सापडली होती, गोष्ट संपली होती, आणखी काय हवं होतं?

पुढं परीक्षेसाठी तुम्ही मला भोरला नेलंत. परतताना स्टँडसमोरच्या हॉटेलात मला एकटीला धाडलंत. "मिसळ खाऊन ये. मी बाहेर थांबते." मालकानं विचारलं, "संगं कोन हाय गं पोरी?" "कुनी न्हाई," म्हणत मी मिसळ मागितली. तुम्ही बाहेर ओळख नसल्यासारख्या उभ्या. परतीच्या गाडीत एवढंच विचारलंत, "तिखट होती का?" मी म्हटलं, "लई!" आणि आपण दोघी हसत सुटलो. तो दिवस मला फार हवासा वाटतो, बाई.

मग मी पुस्तकं लिहिली. नायक सगळे पुरुष. बाई असून पुरुष काय झकास रंगवता, असं लोक म्हणतात आणि मीही फुगते. खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. पुरुषाला कुठंही पाठवावं. कधी येणार, असं त्याला कुणी विचारत नाही. आता मात्र एका बाईला घराबाहेर काढायचं ठरवलंय. तेवढंही जमलं नाही, तर मी आजवर लिहिलं तरी काय?

हे पत्र पोचायचं नाही, म्हणून सांगून टाकते. कादंबरीतली माझी बाई भाड्याचा टेम्पो घेऊन एकटी महाडला निघाली. दुसऱ्याच पानावर तिनं गाडी कडेला घेतली आणि उशीर होईल, हे कळवायला घरी फोन लावला. तिच्या घरी कुणीच नाही, हे पहिल्या पानावर मीच लिहिलंय.