एकतीस तारखेची दुपार

प्रिय कीरन,

तीन आठवडे हे पत्र टाळतेय. काल कागद काढला, तर कॅरॅव्हॅनच्या टपावर काकाकुव्यांची भांडणं जुंपली, त्यातच दुपार गेली. शाळेतही माझं असंच व्हायचं. इथे किनाऱ्यावर कालवं उघडायचं काम मिळालंय. बोटं चिरतात, पण माणसं बरी आहेत.

आठवतं, शेडमध्ये सफरचंदांच्या खोक्यांवर बसून तू मला संगणक शिकवायचास? "नुसती तारीख दिलीस ना पर्ल, की हा गधडा त्या दिवसाचे शून्य वाजलेले धरतो. 'एकतीसपर्यंत' म्हटलं की एकतीस सुरू होताहोताच थांबतो!" मी म्हटलं, "माझ्यासारखाच की, अर्धं ऐकून निघणारा." केवढे हसलो होतो.

एकतीस मार्चला, दुपारी तीन दहाला, मी टॅबवर लिहिलं होतं : तीन नंबरची शीतखोली, शून्याऐवजी चार अंश, पंखा कुरकुरतोय. शेडची रीतच ती. तोंडी सांगायचं नाही, लिहायचं. महिनाअखेरीला संध्याकाळी दुरुस्तीवाला येतो आणि यादीत असेल तेवढंच बघतो. मार्चपासून ती यादी तू काढायला लागलास. तो आला, तीन नंबरला हात न लावता गेला. रात्री पंखा बंद पडला, सकाळी खोलीभर फळं मऊ.

ग्वेननं मालकिणीच्या तोऱ्यात सगळ्यांसमोर यादी नाचवली. "एकतीसची नोंदच नाही! पोरी, तुझ्या पायाला भिंगरी, शेड कशी सांभाळशील?" मी तुझ्याकडे पाहिलं. तू बुटांकडे बघत म्हणालास, "यादीत नाही, म्हणजे हिनं पाहिलं नसेल." मला वाटलं, यादीत काही राहिलंय हे तुझ्या लक्षात आलं नसेल. काम सुटलं, आणि पुढे तर माझाच माझ्यावर विश्वास राहिना. खरंच लिहिलं होतं ना मी?

मग शेडमधून सेमिसीचा फोन आला. "अगं, एप्रिलच्या यादीत तीस तारीख आख्खी आहे! कीरन आता 'एक मेच्या आधीचं सगळं' असं मागतो." म्हणजे मार्चला तू 'एकतीसपर्यंत' मागितलं होतंस, नंतर चूक तुला सापडली, तू ती गुपचूप दुरुस्त केलीस, आणि मला तशीच जाऊ दिलंस.

काम परत नकोय मला. मार्चची यादी एकदा नीट काढ आणि ग्वेनच्या हातात दे, एवढ्यासाठी लिहितेय.

थांब, फाटकाशी गाडी वाजली. ग्वेन आहे! एकटीच, हातात कागद. तू सांगितलंस, का तिचं तिनं शोधलं, हेच आधी विचारणार आहे.

कधीकाळी तुझी,
पर्ल