गिऱ्हाईक परत का गेलं

प्रिय धाकटे बंधू, म्हणजेच आमचे घाईराव, यांस ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? (तुझ्या त्या स्पोर्ट्स गाडीत बसून धरलेली पाठ गाडी इथे ठेवून गेल्यावर सुटायला हवी होती.) आम्ही दोघं ठीक आहोत. रविवारी तू पाठवलेलं गिऱ्हाईक गाडी न घेता परत कसं गेलं, म्हणून फोनवर तडतडलास. मी हूं हूं करत राहिले, कारण फोन वाजला की तुझे दाजी शेजारी येऊन बसतात. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पंधरा दिवसांसाठी म्हणून तू गाडी ठेवलीस, त्याला आता आठ महिने झाले. एवढ्या दिवसांत पाहुणासुद्धा घरच्यासारखा वागायला लागतो, पण हिचा रुबाब काही उतरत नाही. जमिनीपासून चार बोटं उंच, त्यामुळे आत बसायचं म्हणजे पडायचं आणि बाहेर यायचं म्हणजे कुणीतरी ओढायचं. गतिरोधक आला की हे तिला अशी तिरकी नेतात, जसं कपाट दारातून काढतात. ब्रेक थंड असले की किंचाळतात, त्यामुळे आम्ही कुठून किती वाजता आलो हे सगळ्या गल्लीला कळतं. आणि तेल तापल्याशिवाय इंजिनाला जोर द्यायचा नाही असं पुस्तकात लिहिलंय, म्हणून कोपऱ्यावरून दोन लिंबं आणायला आम्ही आधी गावाबाहेर चक्कर मारून येतो.

हे एकतीस वर्षं पंपघरात होते, तुला ठाऊकच आहे. यंत्राचं पुस्तक म्हणजे यांना पोथीच. रोज सकाळी चाकं थंड असतानाच हवा मोजतात (ऊन लागलं की आकडा फसवतो म्हणे). बॅटरी उतरू नये म्हणून तिला सतत चार्जर लागतो, त्यासाठी एकदा फ्रिजची पिन काढली आणि दोन लिटर दूध नासलं. गाडीच्या मागचा तो पंख वेगात आपोआप वर येतो ना, तो बटणानेही उठतो. तो नीट उठतो का हे बघायला मला दर गुरुवारी मागे उभं करतात. नुसतं उभं राहून काय करायचं, म्हणून मी त्यावर टॉवेल वाळत घातला, तर यांनी पंख खाली घेतला. टॉवेल अजून निम्मा आत आहे. निवृत्त झाल्यावर वर्षभर हाच माणूस खुर्चीत बसून छताकडे बघत असायचा, हे आता कुणाला सांगून पटणार नाही.

तर रविवार. तुझं गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर, पांढराशुभ्र शर्ट घालून आले. यांनी त्यांना तासभर समजावलं की या इंजिनाचं तेल तळाशी राहत नाही, वेगळ्या टाकीत राहतं, म्हणजे जोरात वळण घेतलं तरी इंजिन कोरडं पडत नाही. म्हणूनच तेल मोजायचं ते इंजिन तापवून, चालू ठेवून. थंड असताना मोजलं तर कमी दिसतं, आणि अडाणी माणूस वरून ओतत बसतो. हे सांगताना आवाज बारीक होत चालला होता, लेकीची पाठवणी असावी तसा. मग गाडी सुरू केली. ती तापते आहे तोवर डॉक्टर मागे वाकून आवाज ऐकायला लागले आणि त्यांच्या सौभाग्यवतींनी आत बसून ॲक्सिलरेटर दाबला. निळा धूर निघाला, इतका की डॉक्टर दिसेनासे झाले. दिसले तेव्हा शर्ट पांढरा नव्हता. चहा न घेताच गेले.

दुपारी मेकॅनिक आला. त्याने जादा झालेलं दोन लिटर तेल काढलं आणि म्हणाला, "काका, थंड इंजिनात मोजून ओतलंत." हे म्हणाले, "मी? एकतीस वर्षांत एकदा नाही." पण वय झालं की माणसाच्या हातून चूक होते, असं मीच सगळ्यांना सांगितलं. गाडीला काही झालेलं नाही, काळजी नको.

सर्वांस नमस्कार-आशीर्वाद सांगणे.

तुझी,
ताई

ता. क. परवापासून हे परत खुर्चीत बसलेत. पुस्तकाचं तेच पान उघडून, "आता माझा भरवसा नाही," म्हणतात. मला ते बघवत नाही रे. त्यांना फोन करून सांग की चूक त्यांची नव्हती. कारण काय द्यायचं ते तू बघ, फक्त माझं नाव घेऊ नकोस.

ता. ता. क. हो, मीच ओतलं. हे अंघोळीला गेले होते. गाडीला इजा न होता किती ओतता येईल, हे मेकॅनिकला शनिवारीच विचारून ठेवलं होतं (मैत्रिणीच्या गाडीसाठी म्हणून). गाडी इथेच राहू दे. निदान वर्षभर.

शेवटचं. दुसरं गिऱ्हाईक पाठवायचंच असेल तर खुशाल पाठव. अर्धा डबा शिल्लक आहे.