दाट वरण

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
४ ऑगस्ट २०२५

ती. आशाअक्कास,
सा. न. वि. वि.

फोन तुमच्या घरात सगळ्यांच्याच कानावर जातो, म्हणून पत्र. तुझ्या सुनेला, सायलीला, काल इथल्या दवाखान्यात दाखवलं. सातवा महिना आणि हिमोग्लोबिन साडेसात. असंच राहिलं तर बाळंतपण तिच्या जिवावर बेतेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

गोळ्या चालू असून रक्त का वाढत नाही, हे मी खोदून विचारलं. तू लाडानं गोळी चहासोबत देतेस म्हणे! अक्का, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाण्यासोबत दे, आंबटानं ते रक्तात उतरतं. डाळी-उसळींनी बाळाचं अंग भरतं, त्या तिच्या पोटात जातात ना? ती सगळ्यांच्या शेवटी जेवते का? खरं लिही. मी हॉस्टेलवरून सुट्टीला आले की तू स्वतःच्या वाटचं दूधही मलाच पाजायचीस, ते आठवलं.

तुझ्या मायेची भुकेली,
सुरेखा


पिशोर
१० ऑगस्ट

चि. सौ. सुरेखास,
अ. उ. आ.

पत्र वाचून लई राग आला. गारखेड्यात बसून तुला आमचं पातेलं दिसतं व्हय? कॉन्व्हेंटात शिकलीस म्हणून थोरल्या बहिणीला शिकवतेस! पाण्यासोबत गोळी घेतली की पोरीला उलटी व्हायची, म्हणून चहा दिला गं.

लिंबूपाणी चालू केलं. पण गडीमाणसं उठल्यावरच आम्ही बायका बसतो, हे खरंय. दाट वरण त्यांच्या ताटात, आमच्या वाटीत वरचं पाणी. तुझे दाजी ही रीत मोडू देतील असं नाय वाटत.

लोभ कमी करू नको.
आशाअक्का


गारखेडा
१६ ऑगस्ट

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

रागावलीस, बरं वाटलं. दाजींना विचारायला मी सांगतच नाही. विचारलं की त्यांना नाही म्हणता येतं.

तुझीच,
सुरेखा


पिशोर
९ सप्टेंबर

चि. सौ. सुरेखास,
अ. उ. आ.

नाय विचारलं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात, रविवारी, थोरले दीर अप्पाराव जेवायला होते. मी पातेलं तळापासून ढवळलं आन् पहिलं ताट सायलीला वाढलं. दाट वरण, मटकीची उसळ, लिंबाची फोड. अप्पाराव म्हणाले, आता आम्ही चूल फुंकायची का? मी म्हटलं, गॅस आहे, फुंकायचीही गरज नाय. सायली लाजून उठायला लागली, तिला खांदा दाबून बसवलं. तुझे दाजी उठून बाहेर गेले. मी हाक मारली नाय. दिवेलागणीला आले, ताट पुढं ओढून जेवले. तेव्हापासून रोज पहिलं ताट सायलीचंच. दाजी दोन दिवस तोंड फुगवतात, तिसऱ्या दिवशी भाकरी मागतात.

काल पोरीला तपासलं. रक्त नऊ भरलं. डॉक्टरीणबाई खूश आहेत, पण मी ढिली पडणार नाय.

आन् दुसरं ताट आता मी माझंच वाढून घेते, सगळ्यांसमोर. सुरेखा, इतकी वर्षं ते वरण मीच शिजवत आले गं. त्याला अशी चव असते, मला ठाऊकच नव्हतं.

बाळ बघायला येशील तेव्हा पहिल्या पंगतीला बसायच्या तयारीनं ये.

तुझी,
आशाअक्का