शाळेत गेलेली भांडी

अहो,

तुमी कधी गाव सोडून कुठं गेलाच न्हाईत, म्हणून तुमाला पत्र लिहायची वेळच आली न्हाई. लिहायला-वाचायला शिकवलं तुमीच, अन् पहिलं पत्र लिहायला लावलं ते असं! काय म्हणावं तुमाला?

लिहायचं कारण की, परवा शाळेचा शिपाई टोपलं घेऊन दारात आला. तांब्या, घागर, पितळी पातेलं, लोटा, सगळी आपलीच भांडी. म्हणला, "बाई, ड्रॉइंगचा तास बंद झाला. त्या तासाला आता हिसाब."

लग्न होऊन हिंगोलीत आले तवा बायका म्हणल्या, हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर मिळाला, नशीब काढलं पोरीनं. कसलं नशीब! रोज सकाळी चुलीजवळचं काही ना काही शाळेत चाललं, पोरांपुढं मांडायला. एकदा पुसेगावहून माझे भाऊ आले, तर डाळ शिजवायला पातेलं न्हाई. शेजारच्या मुसलमान मावशीकडून, खालाकडून, मागून आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अन् तुमी संध्याकाळी येऊन काय म्हणलात? "आज पोरांनी लई बेस काढलं गं!"

चिंच लावून लख्ख घासलं तरी तुमची कुरकुर. "काहून इतकं घासतीस? चकाकलं की पोरांना सावली दिसत न्हाई." आता बाईमाणसानं भांडी घासायची न्हाईत तर काय करायचं? त्यावरून आपला अबोला झाला होता. तुमी मात्र काळवंडलेलं पातेलं उचलून निघालात, जसं काही झालंच न्हाई.

मग भांडी परत आली तर मला बरं वाटायला पाहिजे होतं, व्हय ना? न्हाई वाटलं. तापानं तुमी गेलात, दिवसकार्य झालं, तरी शाळेत तुमी अजून हायात असं कुठंतरी वाटून राहिलं होतं. टोपलं बघितलं अन् तेबी गेलं.

शिपायाला म्हणलं, "मी घेत न्हाई. वापस ने."

तो टोपलं ओट्यावर ठेवून पळाला. संध्याकाळी हेडमास्तर सोता आले. मी दाराआड उभी.

"बाई, जिद नक्को करो. अब सिखाने वाला कौन है? और ये बच्चे तो लोटे का मुँह तक नहीं निकालते थे!"

मी म्हणलं, "साहेब, पोरं खाली बसत्यात अन् लोटा वर टेबलावर. खालून तोंड दिसत न्हाई. दिसतं तेवढंच काढायचं, असं हे म्हणायचे."

म्हातारे हेडमास्तर हसले. "मालूम है. मेरे को भी नीचे बिठाए थे मास्टर साब."

मग रुमालानं डोळे पुसले. जाताना म्हणले, टोपलं सकाळी शिपाई घेऊन जाईल. नवा मास्तर येईपर्यंत मॅट्रिकची पोरं भांडी मांडतील, तास चालू राहील. मी आत येऊन पोटभर रडले.

एक विचारू? रागावू नका. इतक्या पोरांना बघायला शिकवलंत. घागर काढली, लोटा काढला, दांडी मोडलेला डावसुद्धा काढला. ह्या सगळ्यांना हात लावणारी एक बाई त्याच घरात होती. ती कधी दिसली न्हाई का हो तुमाला? एक चित्र माझं काढलं असतंत तर काय बिघडलं असतं?

जाऊ द्या. मागायचं मलाबी सुचलं न्हाई.

तास बंद पडू देणार न्हाई, एवढा शब्द देते. एकटीला एक पातेलं पुरतं. बाकी सगळं शाळेत जाईल. नवा मास्तर आला की त्याला मात्र विचारणार हाय, घरात बायको हाय का? असली तर तिला एकदा समोर बसव म्हणावं.

तुमची,
('सौ.' आता लिहिता येत न्हाई, नुसतं नाव लिहिते)
गोदावरी