सूनर ऑर लेटर

अनुसये, भिलाईहून तुह्या बाईचा जयभीम.

काल पहिले आपली धाकली बहीण रुक्माच आली! तिच्या मयतीत तू तिले नेसवलेलं पांढरं लुगडंच होतं अंगावर. मांगून आपले बाबा. चरोद्याहून लोकलनं आलो म्हणे. मले लय आनंद झाला. चहा ठेवला, पण दोघांयच्याबी कपात साय धरली.

नात करिष्मा इंग्रजी पाठ करून राहिली होती, ‘सूनर ऑर लेटर’. मी अर्थ विचारला.

"आज नाही तर उद्या, पण होणारच, आजी. जसं, गेलेली लाईट सूनर ऑर लेटर येईनच."

रुक्मा हासली, "तुह्यंबी तसंच, बाई."

करिष्मा म्हणे, "आजी, ये चाय किसके लिए?"

तुहा गुडघा कसा आहे? मी मजेत आहो, भेऊ नको. पण लवकर येजो. बुधवारी मले न्याले येतो म्हणून गेले ते.