वसंताची टाच

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा सुजल्यामुळे तो सध्या उभ्याउभ्याच घालतो आहे. आठांपैकी सात अंगं पोचली असं समज.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा दमा, आणि घरातली कुठलीही वस्तू जागची हलू न देण्याचा त्यांचा स्वभाव, हे दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. दुसऱ्या गोष्टीची चौकशी जरा जास्त आस्थेने करतो आहे, एवढंच आत्ता ध्यानात ठेव.

विनंती विशेष अशी की, गुडघ्याची हकीकत तुला इतर कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेली बरी. येत्या सोमवारपासून आमच्या संग्रहालयात वसंत ऋतूचं प्रदर्शन आहे. निरनिराळ्या काळांतल्या माणसांनी वसंत कसा काढला, कोरला, विणला, ते सगळं एका दालनात मांडायचं आणि त्याखाली मी चिठ्ठ्या लिहायच्या. (काव्यशास्त्रात उभी उमेद घालवलेल्या माणसाला चाळीस शब्दांच्या वर लिहायला बंदी असलेली नोकरी मिळावी, यात नियतीची विनोदबुद्धी दिसते.) फुलांची टोपली घेतलेल्या मुली आमच्याकडे नऊ निघाल्या. नवांच्याही टोपल्यांत एका वेळी कधीच न फुलणारी फुलं शेजारी शेजारी बसलेली आहेत, पण चित्रकाराला माळ्याचे नियम लागू नसतात. एक चिनी मातीचं कोकरू आहे. रंगवलेली अंडी आहेत, चोचीत काडी धरलेली पाकोळी आहे. आणि गवताचा एक थंडीचा म्हातारा आहे. असे म्हातारे पूर्वी गावाबाहेर नेऊन जाळत, म्हणजे वसंताला वाट मोकळी. आमचा जाळायचा राहून गेला, त्यामुळे लग्न आटोपल्यावरही मांडवात बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा तो थोडा ओशाळलेला दिसतो.

या सगळ्यांत माझा जीव अडकला आहे तो एका दगडी बाईत. जिन्याखाली ती पन्नास वर्षं उभी आहे. आपल्या लहानपणी नदीवरचा जुना पूल पाडला (बाबा मुकादम होते तोच), त्याच्या खांबावरून ती आली. डावा हात वर, हातात फांदीचा तुकडा, आणि एक पाय उचलून टाच मागे कशाला तरी टेकवलेली. कशाला, ते ठाऊक नाही, कारण दगड तिथेच तुटला आहे. माझ्या आधीच्या चिठ्ठीवाल्याने खाली लिहून ठेवलं होतं, ‘पायातला काटा काढणारी स्त्री’. ताई, पन्नास वर्षं त्या बाईच्या पायात नसलेला काटा रुतून होता. जुन्या कवींची पक्की समजूत होती की अशोकाच्या झाडाला तरुणीच्या पायाचा फटका बसल्याशिवाय वसंतात फूल येत नाही. झाडांनाही डोहाळे लागतात आणि त्यांचे डोहाळे हे असे असतात. म्हणजे ही बाई वसंत आणायच्या कामावर आहे, आणि आम्ही तिला काटा काढायला बसवली.

हे मी बैठकीत मांडलं. आमच्या संचालकबाई हुशार आहेत, पण त्यांचा विश्वास मोजपट्टीवर.

“लाथ मारली की झाड फुलतं, हे शाळेच्या सहलींना तुम्ही सांगणार का मी?” त्या म्हणाल्या. “आणि झाड कुठाय, चिठ्ठीमास्तर?”

झाड तुटलं, असं मी म्हणालो. मग फांदीच्या टोकाशी कोरलेली झुपकेदार शेपटी दाखवली. नुसती शेपटी, पुढे प्राणी नाही. उरलेला प्राणी झाडावर असणार, असा माझा तर्क. बाईंच्या मते तो पदराचा गोंडा. माझ्या अंगात तेव्हा शास्त्र संचारलं होतं. ती बाई कशी उभी आहे ते दाखवायला मी डाव्या हाताने पडद्याचा दांडा धरला, उजवी टाच मागच्या कुंडीला लावली आणि मान वळवून, माझ्या वयाला शोभेल इतपत, हसलो. दांडा भिंतीतून सुटला. कुंडी, पडदा, चहाचा ट्रे आणि मी अशा क्रमाने खाली आलो. (कुंडीतल्या झाडाला आज आठ दिवस झाले तरी फूल नाही. शास्त्रात तरुणीचा पाय म्हटलं आहे, तेव्हा दोष शास्त्राचा नाही.) गोदामवाले काका मला पडद्यातून सोडवता सोडवता म्हणाले, “साहेब, ती बाई दगडाची आहे म्हणून उभी राहिली.” संचालकबाईंनी मात्र निकाल दिला. सोमवारपर्यंत झाडाचा पुरावा आणा, नाहीतर बाई पुन्हा जिन्याखाली, काट्यासकट.

तेव्हापासून रोज दुपारी मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसतो. वरच्या झरोक्यातून उन्हाचा एक तुकडा खाली येतो, तिच्या हातावरून उतरत उतरत साडेचारच्या सुमाराला टाचेशी पोचतो आणि तिथे रेंगाळतो. तेवढ्या वेळात दगडाला किंचित रंग चढतो. पहारेकरी पेंगतात, पंख्याचा आवाज लांबून आल्यासारखा वाटतो. परवा माझाही डोळा लागला. पाहतो तर दालनातले सगळे वसंत खाली उतरून जिन्यापाशी जमलेले. नऊ मुली टोपल्या सावरत उभ्या, कोकरू त्यांच्या पायांत, पाकोळी चोचीतली काडी न सोडता घिरट्या घालते आहे, गवताचा म्हातारा सगळ्यांत मागे. ही जोवर टाच मारत नाही तोवर कुणालाच फुलता येणार नव्हतं, आणि हिला मारायला झाडच नव्हतं. किती वेळ आम्ही सगळे तसेच थांबलो होतो कोण जाणे. मग पाण्याचा आवाज आला, ओल्या दगडाचा आणि साबणाचा वास आला, आणि ती दगडी बाई माझ्याकडे न बघता अगदी आईच्या आवाजात म्हणाली, “टाचा घासल्यास का रे?”

मी जागा झालो तेव्हा ऊन टाचेवरून सरकून गेलं होतं.

असो. म्हाताऱ्या भावाच्या दुपारच्या झोपा तुला कशाला सांगत बसू. तब्येतीला जप, भावोजींना नमस्कार सांग. बाकी काही मागणं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. आईबाबांच्या ज्या घरात आता तू राहतेस, तिथल्या मागच्या अंगणातल्या धुण्याच्या दगडाच्या कडेला आपली बिनशेपटीची खार होती, आठवते? तिची शेपटी बोक्याने खाल्ली असं तू मला सांगायचीस आणि मी रडायचो. तो दगड बाबांनी पूल पाडताना बैलगाडीत घालून आणला होता. ताई, शेपटी आमच्याकडे आहे.

आणखी ता. क. हे पत्र तुझ्या हातात देणारे गृहस्थ म्हणजेच गोदामवाले काका. त्यांच्याकडे पहार आहे, बाहेर टेम्पो आहे, आणि टेम्पोत तुझ्यासाठी नवा, गुळगुळीत, कुठलाही प्राणी नसलेला दगड आहे. भावोजींना आधी तासभर भाजी आणायला पाठव, मग काकांना चहा दे.

शेवटचा ता. क. पहार लावण्याआधी एक कर. त्या कडेवर हात फिरवून बघ, कोरलेली अशोकाची फुलं शिल्लक आहेत का. ती खडबडीत जागा टाच घासायला चांगली म्हणून आई रोज सकाळी धुणं झालं की तिथे पाय लावायची. शेजारचा गुलाब बारा महिने फुलायचा आणि बाबा त्याचं श्रेय खताला द्यायचे. फुलं झिजून गेली असली तरी हळहळू नकोस, जोड जुळवायला खार पुरेल. आमच्या चिठ्ठीत काय झिजलं आहे तेवढंच लिहायची पद्धत आहे, कशाने झिजलं ते लिहीत नाहीत. मला चाळीसच शब्द आहेत, पण या वेळी त्यातले दोन मी कारणासाठी राखून ठेवले आहेत: ‘आईची टाच’. दगड उचलण्याआधी तूही एकदा पाय लावून घे.